पुढं गेलेला वाडा

बारा डिसेंबर. गोधड्या उन्हात टाकायच्या होत्या.

आमच्या घरात बारा-तेरा बायका असतात. सगळ्यांची अंथरुणं एकाच दिवशी बाहेर काढायची तर दोरी पुरत नाही. आधी दोरी भरते, मग कंपाउंडची भिंत, मग जिन्याचा कठडा. उरलेलं लिंबाच्या खालच्या फांद्यांवर टाकायचं आणि वारा सुटला की पळायचं. थंडीत हे काम मी दर पंधरवड्याला काढते. बंद खोल्यांत गोधड्यांना दमट वास लागतो आणि त्या वासाने आमच्या काही जणींना दवाखान्यातला वॉर्ड आठवतो.

घर केजच्या बाहेर, बंद पडलेल्या एका वसतिगृहाच्या इमारतीत आहे. मनाच्या आजारात रस्त्यावर आलेल्या, उपचार होऊन बऱ्यापैकी सावरलेल्या बायका इथे राहतात. दवाखाना संपलाय आणि घर अजून लागलेलं नाही, तेवढ्या मधल्या काळासाठी. कागदोपत्री नाव लांबलचक आहे. आम्ही ‘मधलं घर’ म्हणतो. रिक्षावाले ‘येड्यायचं घर’ म्हणतात आणि बरोबर आणून सोडतात, म्हणून मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मी इथली व्यवस्थापक. आधी मुलींच्या वसतिगृहात होते. नवरा गेला, मुलीचं लग्न झालं, तेव्हा इथल्या पुढच्या खोलीत राहायला आले. मुलगी पुण्याला असते, भाऊ उमापूरला शेती करतो. फोन रविवारी होतात.

इथे सगळ्यांनी सगळं करायचं. भाजी आणायची, पोळ्या लाटायच्या, स्वतःची गोळी स्वतः घ्यायची. गोळ्यांच्या पुड्या मी बांधते, वर्तमानपत्राच्या कागदाच्या, चौकोनी घडीच्या. एक सकाळची, एक रात्रीची. गोळी घेतली की रिकामी पुडी उलगडून दाखवायची, परत घडी घालून डब्यात टाकायची, मग सकाळी चहा आणि रात्री दूध. डॉक्टर म्हणाले होते, एवढा खटाटोप कशाला, हातावर ठेवत जा. पण हातावर ठेवलेली गोळी मी दिलेली असते. पुडीतली गोळी त्या बाईने स्वतः काढून घेतलेली असते. पुढे तिला एकटीला हेच करायचं आहे.

तर त्या दिवशी दानात आलेल्या सामानातून एक घोंगडी निघाली. ती झटकायला मी वाडेवालीकडे दिली.

वाडेवाली हे तिचं नाव नव्हे. पण सगळ्या जणी त्याच नावाने हाक मारायच्या आणि ती ओ द्यायची. चाळिशीची, काटक, उन्हाने रापलेली बाई. आजारात परळीहून कुठल्याशा गाडीत बसली आणि लांबच्या शहरात उतरली. तिथे बराच काळ रस्त्यावर काढला, मग पोलिसांनी दवाखान्यात पोचवली. बोलण्यावरून ती बीडकडची ठरली आणि सावरल्यावर आमच्याकडे आली.

घर कुठे विचारलं की ती म्हणायची, ‘आमचा वाडा हाय.’

मोठा आहे का?

‘लई मोठा. शंभराच्या वर.’

शंभर काय, खोल्या? यावर ती माझ्याकडे अशी बघायची, की गोळ्यांची गरज मलाच आहे.

गाव विचारलं तर ‘वस्ती’ म्हणायची, डोंगराच्या अंगाला. बीड जिल्ह्यात डोंगर आणि वस्त्या यांना तोटा नाही. आडनाव सांगितलं, ते प्रत्येक वस्तीवर दोन घरांचं तरी असणारच. नवऱ्याचं नाव घेत नव्हती. उखाण्यात तरी घे म्हटलं तर उखाणा नीट म्हणायची आणि नावाच्या जागी तोंडाला पदर लावायची. शेवटी एकदा माझ्या कानात सांगितलं. तेही असं, की केजच्या बाजारात हाक मारली तर दहा जण वळून बघतील.

महिन्यातून दोनदा येणारे डॉक्टर म्हणाले, हा मोठेपणाचा भ्रम असू शकतो. मला ते चूक वाटलं नाही. आधी आमच्याकडे एक जण होती, तिचं स्वतःचं विमान होतं.

थट्टा सुरू केली ती मास्तरणीने. मास्तरीण म्हणजे बालवाडीत शिकवलेली, साठीला टेकलेली, तोंडाने तिखट. तिचं घर केजमध्येच आहे, दोन मजली, दारात तुळशीवृंदावन. तिचा पत्ता आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिच्या मुलाला मी फोन केला होता. तो म्हणाला, आत्ता घरात पाहुणे आहेत, नंतर सांगतो. ते पाहुणे अजून गेलेले नाहीत. बाजाराला निघालो की मास्तरीण आम्हाला लांबच्या रस्त्याने नेते. कारण कोणी विचारत नाही.

‘काय वाडेवाले,’ ती जेवताना विचारायची, ‘वाड्यावर दिवाबत्ती झाली का?’

‘दिवा कशाला? चांदणं हाय.’

‘भांडी घासायला एखादी दासी पाठव की तिकडून.’

‘तिकडं मीच घासते.’

सगळ्या हसायच्या. वाडेवालीही हसायची. तिला त्यात काही लागायचं नाही, कारण ती खरं तेच सांगत होती. हे आम्हाला माहीत नव्हतं.

एकदा ती म्हणाली, वाडा धारूरला किल्ल्याखाली होता. तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं गाव. मी तिला घेऊन जीपने धारूरला गेले. किल्ल्याखाली मोठा वाडा कुणाचा, असं विचारत गेलो, तर लोकांनी एका पुढाऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. पुढारी झोपाळ्यावर बसलेले. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, आमच्या वाड्यातली लेकसून अशी रस्त्यानं फिरंल का? कुणी धाडलं तुमाला? निवडणूक आली की काय काय येतंय बगा दारात.’

वाडेवालीने त्या दगडी दरवाज्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘ह्यो न्हाई,’ ती मला म्हणाली. ‘ह्याला तर भिंती हायत.’

मी तिला जीपमध्ये बसवून परत आणलं. वाड्याला भिंती आहेत म्हणून तो आपला नाही, असं सांगणाऱ्या बाईला घेऊन आणखी कुठे फिरायचं?

मधल्या घराला मुदत असते. मुदत संपेपर्यंत घरचे सापडले तर घरी, नाहीतर भाड्याची खोली आणि काहीतरी काम. यातलं काहीच जमलं नाही तर कायमचा निवारा. वाडेवालीसाठी खोलीचा प्रयोग करून झाला होता. दार लावलं की ती उठून बाहेर ओट्यावर येऊन झोपायची आणि घरमालकिणीला ते चाललं नाही. राहिला निवारा. तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर असतं. तिथून परत घरी गेलेली बाई मला अजून भेटलेली नाही. वाडेवालीची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. ती एकदा वाढवून झाली होती आणि तिच्या खाटेसाठी दवाखान्यात दुसरी बाई थांबलेली होती.

हे सगळं मी तिला सांगितलं होतं.

‘तिकडून डोंगर दिसतो का?’ तिने विचारलं.

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

तर, घोंगडी. वाडेवालीने ती एकदाच झटकली, नाकाशी धरली, काठ उलटा करून पाहिला.

‘ही आमच्यातली न्हाई,’ ती म्हणाली. ‘ह्यात सूत घातलंय.’

मास्तरीण भिंतीवर चादर पसरत होती. ‘तुझ्या वाड्यावर अस्सल लोकरीच्या असतील, नाही का?’

‘व्हय.’

‘मग मागव की चार. आत्ता कुठे आहे तुझा वाडा?’

‘आत्ता कसं सांगू? पुढं गेला असंल.’

अंगणात हशा पिकला. ‘अगं बाई,’ मास्तरीण म्हणाली, ‘वाड्याला पाय फुटले.’

‘पाय कशाला? घोडी हाय की,’ वाडेवाली म्हणाली आणि घोंगडी कठड्यावर टाकली.

माझ्या हातात चिमटा होता. तो मी दोरीला लावला नाही, तसाच धरून उभी राहिले.

वाडा पुढं गेला. हे शब्द मी लहानपणी दर हिवाळ्यात ऐकले होते. बाजरी निघून रान मोकळं झालं की मेंढके यायचे. जाळीचं कुंपण करून रात्री मेंढरं आमच्या शेतात बसवायचे. शेताला खत मिळायचं, त्यांना धान्य. दोन-चार दिवसांनी सकाळी रान रिकामं दिसायचं आणि वडील म्हणायचे, वाडा पुढं गेला. मेंढरं, घोडी, कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या, लेकरं आणि या सगळ्यांना घेऊन चालणारी माणसं, एवढं मिळून त्यांचा वाडा. शब्द मला येत होता. पण घर हरवलेल्या बायकांमध्ये बसून ऐकला, म्हणून दर वेळी मला त्यात दरवाजा आणि भिंती ऐकू आल्या.

‘तुमची मेंढरं आहेत का गं?’ मी विचारलं.

‘व्हय की.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं की. वाडा हाय म्हणून.’

रविवार नव्हता, तरी मी भावाला फोन लावला. तो आधी घाबरला. ‘काय गं आक्का, बरी हायस ना?’ मी म्हटलं, बरी आहे, रानात मेंढरं बसवलीस का? ‘बसवलीत की, परवापासनं. कावून?’ मी म्हटलं, त्यांच्यातल्या जाणत्याला फोन दे.

जाणता म्हातारा होता. दोघांच्या मध्ये फोन नसून ओढा असावा, असं ओरडून बोलत होता. मी बाईचं आडनाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. त्याने ते कानाआड केलं.

‘मेंढराची खूण काय?’

‘कसली खूण?’

‘कानाची, बाई. नावं काय, सारखीच असत्यात. कान येगळा असतो.’

मी वाडेवालीकडे वळून विचारलं, तुमच्या मेंढरांच्या कानाला खूण काय? तिने स्वतःचा डावा कान दोन बोटांत धरला.

‘डाव्याला खालनं चीर. उजव्याचं टोक उडवल्यालं. आन् पाठीला गेरू, शेपटाकडं.’

तिने एवढं एका दमात बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं. मी फोन तिच्याच हातात दिला. तिने कुठल्याशा ओढ्याचं, कुठल्याशा माळाचं नाव घेतलं, गेल्या खेपेचे मुक्काम सांगितले. मग म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, ‘व्हय. तीच मी.’

मास्तरीण हातातली चादर तशीच धरून ऐकत होती. त्या दिवशी दुपारच्या जेवणाला वाडेवालीची थट्टा कोणी केली नाही. जेवण फार लवकर उरकलं.

पुढचे काही दिवस भावाचा फोन आला नाही. निवाऱ्याच्या गाडीचा दिवस ठरला, तेवढा एक फोन आला. वाडेवाली कामं करायची आणि हात मोकळा झाला की कंपाउंडच्या भिंतीशी, रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात. मी तिला आत बोलावलं नाही. संध्याकाळी पुढच्या खोलीत हिशेब-किताब आवरून बसले की मलाही तिची पाठ खिडकीतून दिसायची. मला कोणी विचारलं, तुझं घर कुठे, तर मीही चटकन सांगू शकले नसते. माझी फुलदाणी मुलीकडे आहे, पाटा-वरवंटा भावाकडे आणि मी इथे. पण मला कोणी विचारत नाही, म्हणून प्रश्न येत नाही.

मग भावाचा फोन आला. ‘आक्का, सापडला गं. तुझ्यापासनं हाकेवर हाय, धारूरच्या रस्त्याला, घाटाच्या अलीकडं. ह्यायनी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला फोन केले. तिचा मालक उद्या येतोय तुझ्याकडं.’

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांच्या सहीशिवाय कोणी घरी जात नाही.

नवरा आला तो चालत. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. काठी फाटकाशी टेकवून ठेवली, खुर्ची दिली तर खाली बसला. वाडेवाली समोर येऊन उभी राहिली. पदर सारखा केला.

‘आलीस?’ तो म्हणाला.

‘मी हितंच हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी आलाव.’

त्याने एवढंच विचारलं, जेवतीस का? ती म्हणाली, जेवते. तिने विचारलं, पांढरी घोडी? तो म्हणाला, हाय.

डॉक्टरांनी विचारलं, ‘एवढ्या काळात शोधलं नाहीत?’

‘शोधलं की, सायेब. परळीच्या रानात वाडा थांबवला. रानवाल्यानं हाकललं तवा निघालो. चौकीत गेलतो. गाव सांगा म्हणले, सांगितलं. गावात निरोप धाडतो म्हणले. गावात हाय कोण पावसाळ्याबिगर?’

डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग त्यांनी आजार समजावून सांगितला. गोळी चुकली तर काय होतं, झोप मोडली तर काय होतं.

‘गोळ्या कोण देणार?’

‘मी दीन. मेंढरायला औषध पाजतो की आमी. एकीला बी चुकवत न्हाई.’

‘ही मेंढी नाही.’

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘पर तोंड उघडायला ही मेंढीयेवढा तरास देत न्हाई.’

वाडेवाली पदराआड हसली. डॉक्टरही हसले, पण पेन उघडलं नाही. मला म्हणाले, ‘ताई, महिनाभर थांबू या. गोळी आत्ताच बदललीय, तिच्यावर कशी राहते बघू.’

‘महिन्यानं आमी कुठं असू, काय सांगावं,’ नवरा म्हणाला. ‘परवा हलायचं हाय. पाणी सरलं.’

महिन्याने वाडा नसता आणि त्याआधीच निवाऱ्याची गाडी आली असती. मी नवऱ्याला वाट विचारली. त्याने गावं सांगितली नाहीत, रानं सांगितली: संक्रांतीला अमक्याचं, शिमग्याला तमक्याचं. त्यांतली कुठली तालुक्याच्या दवाखान्याजवळ पडतात ते मी डॉक्टरांकडून काढून घेतलं. महिन्याच्या पुड्या मी बांधून देईन, पुढचं औषध त्या-त्या दवाखान्यातून घ्यायचं, अडलं तर मला फोन करायचा.

‘आणि ती गोळी घेते की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘कळणार नाही,’ मी म्हटलं. ‘गाडीने तिकडे पाठवली तरी कळणार नाहीच.’

डॉक्टर वाडेवालीकडे वळले. ‘तुम्हाला काय करायचंय?’

तिला हा प्रश्न याआधी कोणी विचारला होता की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘गोळी घेते. पर दार नगं.’

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. महिन्याच्या पुड्या बांधायला सकाळ गेली. सकाळच्यांना पांढरा दोरा, रात्रीच्यांना काळा. वाडेवालीने आपली खाट आवरली, गोधडीची घडी केली आणि वर ती सूत घातलेली घोंगडी ठेवली. घेऊन जा म्हटलं तर म्हणाली, ‘नगं. ही तुमच्यातली हाय.’

बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं. मास्तरीण आत होती, बाहेर आली नाही. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा खिडकीतून म्हणाली, ‘नशीबवान गं बाई तू. वाडा चालत आला तुझ्यासाठी. आमचं घर तेवढं जागचं हलत नाही.’

‘तुमी या की आमच्याकडं,’ वाडेवाली म्हणाली.

‘येते. दिवाबत्ती करून ठेव.’

जीपने घाटाच्या अलीकडे उतरलो. सोयाबीन निघालेलं रान होतं. दोन घोड्या पाय बांधून सोडलेल्या, जाळीचं कुंपण गुंडाळून ठेवलेलं, तीन दगडांच्या चुली, मेंढरं चरायला गेलेली. कुत्री माझ्यावर भुंकली, तिच्यावरही भुंकली. नवरा आणि दीर मेंढरांमागे होते. मागे राहिलेल्या जावेने पाणी दिलं, चहा टाकला. एक कोकरू पाय ओढत चाललेलं वाडेवालीला दिसलं. तिने ते उचललं, पाय दाबून पाहिला आणि जावेला म्हणाली, ‘ह्याला कवापासनं असं?’ दोघी त्या पायाबद्दल बोलू लागल्या. मी चहा प्यायले. पुड्यांची पिशवी जावेला दाखवली, पांढरा-काळा दोरा समजावला. वाडेवालीने पिशवी तिच्या हातातून घेतली आणि म्हणाली, ‘मला येतंय.’

निघताना मी म्हटलं, येते. ती म्हणाली, या. कोकरू तिच्या मांडीवर होतं, म्हणून ती उठली नाही.

घरी आल्यावर तिच्या खाटेची चादर बदलली. दुसरी बाई दोन दिवसांनी येणार होती. रात्री पुड्या वाटताना एक जास्त बांधलेली निघाली, ती मी सोडून गोळ्या परत बाटलीत टाकल्या.

पहिली रात्र कशी गेली, ते बघून यायचं मी ठरवलं होतं. वाडा हलायचा होता, पण हलायचं म्हणजे दुपार होईल असं मी धरून चालले. वसतिगृहात आणि दवाखान्यात निघायला दुपारच होते. सकाळच्या पुड्या वाटायला एकीला सांगितलं, लोणच्याची बरणी घेतली आणि पहिल्या जीपने गेले.

रान रिकामं होतं. सगळीकडे लेंड्या पसरलेल्या आणि जाळीच्या खुंट्यांची भोकं. रानाचा मालक बांधावर दातण करत उभा होता.

‘पहाटंच हलले, बाई.’

‘कुठे गेले?’

‘पुढं.’

चुलीचे दगड तसेच होते, राख अजून कोमट होती. मी बरणी खाली ठेवली. एका दगडाखालून कागदाचा कोपरा दिसत होता. दगड सरकवला. चौकोनी घडी घातलेल्या दोन पुड्या होत्या, एकीत काळा दोरा, एकीत पांढरा. उलगडून पाहिल्या. रिकाम्या होत्या. परत घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

एवढं आलेच होते, तर मालकाकडे खताची रिकामी गोणी मागितली आणि लेंड्या भरायला बसले. आमच्या परसात वांगी आहेत.

‘आवो बाई,’ तो दातण काढून म्हणाला, ‘त्याचंच तर धान्य दिलंय म्या त्यायला.’

‘अर्धीच भरते,’ मी म्हटलं आणि लोणच्याची बरणी त्याच्याकडे दिली. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि मग गोणीचं तोंड धरायला आला.

परत येईपर्यंत ऊन चढलं होतं. सगळ्यांचा चहा झाला होता. मास्तरीण तेवढी ओट्यावर बसली होती, सकाळची पुडी मुठीत, न उघडलेली. मी गोणी वांग्यांशी टाकली, हात धुतले आणि कमरेच्या पिशवीतल्या दोन पुड्या काढून डब्यात टाकल्या. ती बघत होती.

‘वाडा?’ तिने विचारलं.

‘पुढं गेला.’

तिने पुडी सोडली, गोळी घेतली आणि कागद उलगडून मला दाखवला. मी चहा टाकला.